नमुना क्रमांक ११८

हिरवळ हवी होती हेमावतीला,
आणि अंगणात होती वाळू.
मोरजीत समुद्र आमच्या दारापर्यंत येत नाही,
पण कधीकाळी येऊन गेला असणार:
फावडं वीतभर रोवलं की अजून
तिसऱ्यांची पांढरी टरफलं निघतात,
कुणी नुकतंच जेवून उठल्यासारखी.

तीनदा लॉन लावलं, तीनदा पिवळं पडलं.
युरिया टाकला मूठमूठ,
पाणी सकाळ-संध्याकाळ,
आणि कायतान कुंपणापलीकडून म्हणाला,
"बाब, तूं उदक तणाक न्हय, दर्याक दितास."

शेवटी माती तपासायला द्यायचं ठरलं.
प्रयोगशाळेतल्या रोशनी शिरोडकरने
फोनवर सांगितलं, तसं केलं.
नागमोडी चाललो, दहा जागी खणलं,
प्रत्येक खड्ड्याच्या कडेची एक पातळ फोड
घमेल्यात कालवली, सावलीत वाळवली.
मग गोल पसरून चार भाग करायचे,
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे,
उरलेले कालवून पुन्हा चार,
पुन्हा दोन टाकायचे,
अर्धा किलो उरेपर्यंत.
त्या अर्ध्या किलोने मग
सगळ्या अंगणाच्या वतीने बोलायचं.

छत्तीस वर्षं मी पतसंस्थेत कॅशियर होतो.
इतक्या निर्विकारपणे निम्मं निम्मं वगळणं
हाताला जमेना.
टाकलेली माती गुपचूप
माडामागच्या कोपऱ्यात ओतत गेलो.

अहवाल पासबुकासारखा वाचला.
सामू पाच पूर्णांक दोन.
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एकवीस, अत्यल्प.
नत्र कमी, पालाश त्याहून कमी,
स्फुरद मध्यम, तेवढाच काय तो दिलासा.
पोत: वाळू.
असे खातेदार मी पाहिलेत.
सकाळी भरतात, दुपारी काढायची स्लिप लिहितात,
खिडकीशी उभं राहून उगाच हसतात.
त्यांच्यावर चिडून उपयोग नसतो.
पैसा थांबावा असं
घरात कुठे काही नसतं.

"इतके शिंपले असून माती आंबट कशी?"
रोशनी हसली. "अख्खा शिंपला काय कामाचा, काका?
विरघळायला त्याला कितीतरी काळ लागतो.
चुना दळलेलाच द्या. खत नंतर,
तेही थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.
आधी धरून ठेवणारं काहीतरी घाला."

मग कोरगावहून दोन गाड्या शेणखत,
सोडणांचा भुसा, रात्रभर भिजवून,
आटलेल्या तळ्यातला काळा गाळ,
जो वाळल्यावर विटेसारखा झाला
आणि मला हातोडीने फोडावा लागला.
चुना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला,
यावरून दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी हेमावती स्वतःच
पाट्या मोजायला ओट्यावर येऊन बसली.
एकशे सेहेचाळीस. मी म्हटलं, पंचेचाळीस.
कॅशियर चुकला होता.

आता पाणी तीन दिवसांनी पुरतं.
दुसरा अहवाल गेल्या मंगळवारी आला:
कर्ब शून्य पूर्णांक अडतीस.
कुणाला सांगावं असा आकडा नाही,
तरी मी कायतानला सांगितला.
त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, म्हणाला, "बरें."
संध्याकाळी हेमावती
चपला पायरीवर ठेवून हिरवळीवर फिरते,
टाच दाबून बघते, जणू
भाकरी भाजली का ते पाहतेय.

आणि माडामागे,
जिथे मी वगळलेले भाग ओतले होते,
तिथे मर्यादवेल आली आहे.
खत नाही, चुना नाही, नमुना क्रमांक नाही.
त्याच कोरड्या वाळूवर जाड पानं पसरून
सकाळी जांभळी फुलं उघडते.
हेमावती म्हणते, उपटा,
लॉनमध्ये शिरेल.
मी म्हणतो, बघू.

रविवारी गवत कापायचं मशीन
तिच्या पहिल्या पानापर्यंत नेतो,
आणि तिथून वळवतो.