नादारी

शाळेत नादारीचा फॉर्म असायचा,
तलाठ्याचा दाखला जोडला की फी माफ.
गुरुजी वर्गात नावं वाचायचे तेव्हा
मी बाकाखाली पेन्सिल शोधत राहायचो.

बावन्नाव्या वर्षी कोर्टाच्या कागदावर
पुन्हा तोच शब्द.
छापखाना गेला, देणी सुटली.
शाईवाल्याचं सुटलं, कागदवाल्याचं सुटलं,
मिरजेच्या बाइंडरचं सुटायला नको होतं.
तो आता स्टँडवर दिसला की
मीच रस्ता ओलांडतो.
घर तेवढं राहिलं, आणि घराचं कर्ज,
साडेअकरा टक्क्यांनी.

विश्रामबागेतल्या दुसऱ्या बँकेत
मगदूम मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही.
"आमचा दर आठ-चाळीस आहे, पण..."
त्या पणपुढं मी एक लग्नपत्रिका पालथी घालून
नवा हप्ता मांडत बसलो.
असे तीन गठ्ठे घरात पडून आहेत.
पुढच्या बाजूला चि. धनपालचं मोडलेलं लग्न,
ॲडव्हान्ससुद्धा न आलेलं.

"छपाई छान आहे हो," मॅडम म्हणाल्या.
"सोनेरी फॉइल आहे. नखानं खरवडा, निघत नाही."
काय गरज होती सांगायची!
त्यांनी खरवडून पाहिलं.
मग म्हणाल्या, "चौदा हप्ते वेळेवर भरा. मग या."

राजमती शेवगा सोलत होती.
"काय म्हणाली बँक?"
"चौदा महिने."
"म्हणजे नाही म्हणाली नाही,"
असं म्हणून तिनं हात पुसले,
माझ्या आकडेमोडीखाली जरा जागा होती,
तिथं दुधाचा हिशेब लिहिला.