तिसरा गियर

सातपूरला एकतीस वर्षं मी मायक्रोमीटर धरला.
केसभर चुकलं तरी माल परत.
म्हणून ही जावा घरी आणली त्या रात्री
नुसता बघत बसलो,
कुठलाच भाग पास करण्यासारखा नव्हता.

सदुसष्ट सालची. भंगारवाल्याने वजनावर दिली.
सायलेन्सरात गांधीलमाशांचं घर,
टाकीत चहाच्या रंगाचं पाणी.
बायको म्हणाली, खाली पार्किंगमध्येच राहू दे, वर नको.
वर आलीच ती, तुकड्यातुकड्यांनी.
क्रँककेस पलंगाखाली,
फ्लायव्हील कपाटात, साड्यांना खेटून,
नटबोल्ट लोणच्याच्या बरण्यांत.
लेबलं ऋजुताने लिहिली. तेव्हा ती पहिलीत,
क्लचचा च उलटा काढायची.
आता पुण्यात नोकरी करते.
बरणीवर च अजून उलटाच.

टाकीला पोचा होता, गुडघा टेकतो तिथे.
डेंटिंगवाला म्हणाला, पुट्टी भरू, कळणारही नाही.
मला कळलं असतं.
तांबट लेनमध्ये गेलो. म्हातारे तांबट म्हणाले,
हंडा असता तर आज सांगितलं असतं.
मग टाकी कानाशी धरून टिचकी मारली, ऐकलं,
ठेवून जा म्हणाले, दिवाळीनंतर या.
कुठल्या दिवाळीनंतर, ते मी विचारलं नाही.

गोदाकाठी बुधवारच्या बाजारात
तोट्या, किल्ल्या हरवलेली कुलपं, एका काडीचे चष्मे,
आणि त्यांत हेडलाइटची रिंग.
चाळीस रुपये, बाई म्हणाली.
घासाघीस केली नाही मी,
चेहरा तेवढा घासाघीस करणाऱ्याचा ठेवला.

अकरा वर्षं.
मध्ये दोनदा सगळं विकायला काढलं.
एकदा पिस्टनच्या रिंगा कुठेच मिळेनात म्हणून,
एकदा डॉक्टर म्हणाले, जिने कमी चढा.

जानेवारीतली पहाट, आठ डिग्री असेल.
पेट्रोलमध्ये ऑइल मापून घातलं.
सतराव्या किकला ती बोलली.
निळा धूर. दंडवत्यांची खिडकी धाडकन बंद.
जावाचा किकर पुढे वळवला की तोच गियरचा दांडा होतो:
ज्याने उठवायचं, त्यानेच चालवायचं.
मी मात्र पार्किंगमध्येच उभा, न्यूट्रलमध्ये,
पेट्रोल संपेपर्यंत.

आरसी बुकात पहिलं नाव: आमोस रणभिसे, शरणपूर.
घर सापडलं. ओट्यावर बसले होते.
माझी निळी होती, म्हणाले.
आतून रूथबाई: निळा तुमचा स्वेटर हो. गाडी मरूनच.
त्यांनी टाकीवरून हात फिरवला,
एका जागी थांबले, परत फिरवला.
इथे पोचा होता. त्र्यंबक रोडला रेडा आडवा आला तेव्हाचा.
काढला, मी म्हणालो.
आणि तिसरा गियर? सुटतो का अजून?
नाही, नवीन टाकला, एकदम...
पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही.
अच्छा, म्हणाले ते,
शेजारचं बिऱ्हाड गाव सोडून गेल्याचं कळल्यावर म्हणतात तसं.

घरी आलो, बरण्या उपसल्या.
जुना गियर होता. एका बाजूचे दात गोल झालेले,
तोंडात बराच वेळ धरलेल्या खडीसाखरेसारखे.
मायक्रोमीटर समोरच होता. लावला नाही.

पुढच्या रविवारी नेऊन दिला.
त्यांनी तळहातावर तोलला, अंगठा फिरवला.
हाच, म्हणाले. चढावर सुटायचा,
आणि ही मागे बसून मला बोलायची.
रूथबाई म्हणाल्या, मी कशाला बोलेन.
मग चहा आला. बशीतून प्यायलो.
गियर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात,
खिसा एका बाजूला ओघळलेला.

बाहेर जावा उभी होती, तिच्याखाली फरशीवर
ऑइलचा थेंब, पाच रुपयांच्या नाण्याएवढा.
ते सील मी दोनदा बदललंय.
तिसऱ्यांदा नाही बदलणार.