सूतभर

या बेटावर झाड नाही म्हटलं तरी चालेल.
वारा कुणाला उभं राहू देत नाही.
लाकूड येतं बोटीनं,
किंवा समुद्राच्या मर्जीनं, खारवलेलं, खिळ्यांसकट.
तरी स्ट्रॉमनेसच्या मागच्या गल्लीत
एर्लेंड रेंडलचा सुतारखाना आहे
आणि त्याच्या भिंतीवर फर्मेच फर्मे.

कोनाचे, कमानीचे, खाचांचे.
एक तर एकाच दाराच्या एकाच बिजागरीसाठी केलेला.
दार सडलं, घर विकलं,
फर्मा अजून खुंटीवर.
बायको म्हणायची, दहा मिनिटांच्या कापासाठी तीन दिवस?
तो म्हणायचा, हात विसरतो.
प्लायवुड विसरत नाही.

राउटर हे तापट जनावर.
मिनिटाला वीस हजार गिरक्या,
आणि पात्याला कुणाची ओळख नसते.
दोन्ही हातांनी धरा,
असं त्यानं चाळीसेक पोरांना शिकवलं.
बाकी सगळं नंतर. आधी दोन्ही हात.

मग इंगा फ्लेटचा फोन आला.
तिचा डावा हात मार्चपासून मांडीवर पडून होता,
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.
नातीसाठी स्टूल करायचंय, म्हणाली. गोल बैठकीचं.
करून देऊ का, असं विचारू नकोस.
विचारलंस तर फोन ठेवीन.

त्यानं विचारलं नाही.

नोव्हेंबर. दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो.
स्वतःचा डावा हात पट्ट्यानं कमरेला बांधून
तो वावरून बघू लागला.
मग पडला. डिंकाच्या बाटलीचं टोपण निघेना.
गुण्या धरला तर पेन्सिल सुटे,
पेन्सिल धरली तर गुण्या सरके.
शिव्या तेवढ्या एका हातानं देता आल्या.

पहिला फर्मा साधा:
मध्ये खिळा, खिळ्यावर फिरती पट्टी, टोकाला राउटर.
वर्तुळ निघालं छान,
पण निघालं तिथं परत येईना.
सूतभर बाहेर.
खिळा भोकात हलत होता, एवढंच.
एवढ्यानंच वर्तुळाची गोगलगाय होते.

दुसऱ्याला पितळेची खुंटी.
तळाशी जुन्या होडीतलं शिसं, ओझ्याला.
लाकूड आवळायला एक तरफ, तळहातानं दाबली की बसणारी.
बटण गुडघ्यापाशी: गुडघा काढला की पातं थांबणार.
आणि मूठ बापाच्या रंध्याची,
ती काढताना तो जरा घुटमळला,
मग काढली.
दोन अडण्या लावल्या, पातं तिच्याकडे वळू नये म्हणून.
रात्री उठून तिसरी लावली.

ती आली. कोट काढायला मदत घेतली नाही.
बैठकीची फळी पालथी टाकली, खुंटीवर बसवली, तरफ दाबली.
तो मागे उभा, हात पुढे करून,
चालायला शिकणाऱ्या पोरामागे उभे राहतात तसा.
"हात खाली," ती न वळता म्हणाली.

घड्याळाच्या उलट, हळू,
एक फेरी, थोडं खोल, दुसरी फेरी.
ॲशचा भुसा तिच्या बाहीवर, केसांत,
आणि त्या गप्प हातावरही, न विचारता.
सातव्या फेरीला चकती सुटली.
तिनं कडेवरून नख फिरवलं, पूर्ण गोल.
कुठं अडकलं नाही.
तिनं पुन्हा फिरवलं.

डिसेंबरात अंड्यांच्या खोक्यात एक तुकडा परत आला,
स्क्रूसकट, तिरप्या अक्षरांच्या चिठ्ठीत गुंडाळलेला:
*ही तिसरी अडणी तुझ्या काळजीला बसवलेली होती,
फर्म्याला नव्हे. मध्ये येत होती. अंडी ताजी आहेत.*

खुंटीला टांगावा असा तो तुकडा नव्हता.
टाकून द्यावा असाही नव्हता.
सध्या तो सुतारखान्याच्या दाराखाली पाचर आहे.
वारा जवळजवळ थांबतो.
सूतभर फट उरते,
ती त्यानं अजून बुजवलेली नाही.