इतर नावे, असल्यास

झेरॉक्सच्या दुकानात एक खुर्ची जास्तीची ठेवलीय मी,
फॉर्म भरायला येणाऱ्यांसाठी.
हायकानुशबाई तिच्यावर पिशवी ठेवतात
आणि स्वतः उभ्या राहतात,
मोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभ्या होत्या तशा.

फोटोत चष्मा चालत नाही, म्हणालो.
काढला. मग मी कुठे आहे तेच त्यांना दिसेना,
भलतीकडे, कॅलेंडरकडे बघून हसल्या.
हसूही चालत नाही, म्हणालो.
"मग सामवेल ओळखणार कसा?"
हा फोटो सामवेल बघणार नाहीये,
हे मी बोललो नाही.

पासपोर्टात हायकानुश,
लग्नाच्या दाखल्यात गायकानुश.
रशियन लिपीत 'ह' नाही;
त्या काळी अर्ध्या गावाचा 'ह' असाच गेला.
नवरा ह्रांत, कागदोपत्री ग्रांत.
कबरीच्या दगडावर मात्र बाईंनी 'ह' परत बसवून घेतला,
बाकीच्या अक्षरांहून जरा मोठाच.

जन्मगाव?
"लेनिनाकान."
ते आता ग्युम्री आहे.
"मी जन्मले तेव्हा नव्हतं.
आईच्या जन्मावेळी तर तिसरंच काही होतं."
एकाच गल्लीत तीन गावं झाली,
कोणीही कुठे न जाता.
रकाना एवढासा. मी टाइप करत गेलो.

आपण कधी दहशतवादी कृत्यात सहभागी होतात का?
माणसांची, शस्त्रांची चोरटी विक्री?
"मोजे विकलेत," त्या म्हणाल्या.
"कारखान्यातले, पोलक्यात लपवून आणलेले.
ब्याण्णवच्या हिवाळ्यात, वीज नव्हती तेव्हा. लिहायचं का?"
नको, म्हणालो.
त्यातले दोन जोड माझ्या आईने घेतले होते.

यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे?
इथे त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले.
हो. दोनदा.

"काचेपलीकडच्या पोरीने विचारलं, परत याल कशावरून?
घर नावावर? बँकेत शिल्लक?
घर म्हणजे भूकंपानंतर दिलेला पत्र्याचा डबा,
तात्पुरता. अजून तात्पुरताच आहे.
मी म्हटलं, मत्सून आहे ना माझं.
दुभाष्या म्हणाला, दही.
दही नव्हे रे बाबा, विरजण!
सासूकडून आलेलं. घर पडलं त्यात तेही गेलं,
मग झारिककडून मागून आणलं,
तिला कधीकाळी मीच दिलं होतं.
रोज लावावं लागतं. चार दिवस कोणीही सांभाळेल,
चार महिने कोण सांभाळतंय?
पोरगी चांगली होती. काहीतरी लिहूनही घेतलं तिने.
मग छापलेला कागद दिला."

फी: दोन महिन्यांचं पेन्शन. परत मिळत नाही.
नोटा त्यांनी रुमालातून काढल्या, मोजल्या नाहीत,
घरून मोजूनच आल्या होत्या.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने येरेव्हानला गेल्या.
बुधवारी नाही, गुरुवारी नाही.
शनिवारी शटर ओढता ओढता आत आल्या,
पिशवीतून काचेची बरणी काढून
स्कॅनरवर ठेवली.
मला वाटलं, तिसऱ्यांदाही विरजण पडलं.

"कोमट दूध," त्या म्हणाल्या. "उकळतं ओतलंस तर मेलं म्हण.
झारिकला आता हात हलवत नाहीत,
आणि तुझ्याकडे हीटर आहे."

आता दुकान उघडायच्या आधी दूध तापवतो,
करंगळी बुडवून बघतो.
पहिले दोन दिवस फाटलं. सांगितलं नाही.
फ्रेस्नोहून फोन येतो, तिकडे रात्र असते;
नातीबद्दल एक वाक्य, तेही घाईत,
मग: "घट्ट लागतंय ना?"

काल मी परतीची तारीख विचारली.
सामवेल डॉक्टरांचं काहीतरी म्हणतोय, म्हणाल्या,
मुदत वाढवून मिळते म्हणे,
त्याचाही फॉर्म असतो, तुला ठाऊक असेल.

हल्ली पाणी सुटतंय, म्हणालो. आंबटही होतंय फार.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.

सुरीने कापावं इतकं घट्ट लागलं होतं.