पुडी

जिनिंगच्या फाटकाशी, काट्याच्या खोलीत
टेबलावर बोर्ड उघडा पडलाय.
पेराएवढी चिप, सगळी मिळून दोन केबी जागा.
एवढ्यात माझा संसार.

फंक्शन साधंच :
आकडा घ्यायचा, त्याची अक्षरं करायची, परत द्यायची.
बारा अक्षरांची जागा मी आतच मांडली
आणि निघताना फक्त तिचा पत्ता दिला.
पडद्यावर आलं : अठरा क्विंटल, मग एक चांदणी,
मग काहीच्या बाही.
"मॅडम," गुलाब भोयर म्हणाला,
"कापूस मोजून राह्यल्या का नक्षत्रं?"

बुधवारच्या बाजारात घेतलेल्या बांगड्यांतली एक तडकलेली निघाली.
गुरुवारी बदलायला गेले.
कडुनिंबाखाली, तिसरी ओळ, शेवंता कासारीण.
कडुनिंब होता.
ओळ नव्हती. खुंट्यांची भोकं, एक चिरडलेला टमाटर,
आणि शेवंताच्या जागेवर कोणाची तरी शेळी,
माझ्याकडे बघत रवंथ करणारी.

पत्ता बरोबर होता.
बाजार उठला होता.

आमचे सर फोनवर म्हणाले, गोडाऊन घे भाड्यानं.
बारा अक्षरांसाठी गोडाऊन!
कुलूप, पावती, आणि किल्ली परत करायची आठवण.
रात्री दोनशे गाड्या लागल्या की कोण ठेवणार ती?

मग फाटकाला एकच पाटी ठोकली, कायमची.
त्या दिवशी कोडापे आणि लीलाबाई निखाडे,
दोघांच्या गाड्या लागोपाठ मोजल्या, पावत्या मागून छापल्या,
आणि दोन्हींवर लीलाबाईचं वजन.
कोडापे काही बोलला नाही.
बैलाच्या पाठीवरून हात फिरवत
पावती दोनदा वाचली त्यानं.
मी ती पेननं दुरुस्त केली. अक्षर थरथरलं.

पुढच्या बुधवारी रशीदभाईच्या गाडीपाशी उभी होते.
कागद फाडला, पीळ दिला, माप ओतलं,
तोंड मुडपलं, हातात ठेवलं.
त्यानं पत्ता दिला नाही.
फुटाणे दिले.

रात्री तेच लिहिलं.
अकरा अक्षरं, शेवटी शून्य, म्हणजे मुडपलेलं तोंड.
अख्खी पुडीच परत.
"नक्कल होईल ना?" सर.
होईल की. बारा अक्षरं.
पण खाली उतरून यंत्राची भाषा वाचली
तर नक्कलही नव्हती :
बोलावणाऱ्यानं आधीच ओंजळ धरलेली,
फंक्शननं थेट तिच्यात ओतलेलं.

अख्ख्या हंगामाची वही अशी देऊ नये, हे कळतं मला.
पोत्याला कोणी पुडी म्हणत नाही.

सकाळी पहिली गाडी : अठरा क्विंटल त्रेचाळीस किलो.
"आता बरोबर दिसून राह्यलं," गुलाब म्हणाला
आणि चहा सांगायला गेला.

मी रिकामी पुडी उलगडली.
कोणाच्या तरी वहीचं पान, मीठ लागलेलं.
बेरीज मांडलेली, हातचा एक वर लिहिलेला,
आणि उत्तराच्या जागी
कागद फाटलेला.