नार्व्याचा ट्रान्सफॉर्मर

त्या रात्री आम्ही अकरा जण होतो.
दिवाडीहून फेरीने आलेली आग्नेल पोदेराची दोन मुले धरली तर तेरा,
पण ती झोपली होती, व्हायोलिनच्या रिकाम्या पेटीला टेकून,
म्हणून अकराच.

बँडचे नाव पुरुमेंत.
सुका बांगडा, सोले, खारातली कैरी,
तसे पावसाळी दिवसांसाठी कुणीतरी भरून ठेवलेले गाणे.
नाव सांगितले की लोक विचारतात,
दुकान कुठे आहे?

मी वीजखात्यात लाइनमन, डिचोली सबडिव्हिजन.
संगीतातले मला काही कळत नाही.
पण नार्व्याच्या धक्क्यावरचा ट्रान्सफॉर्मर ज्या सुरात घुमतो
तो वीस वर्षे माझ्या दातांत बसलाय,
आणि कायतान त्याच सुरावर व्हायोलिन लावतो.
आधी खांबाला कान, मग खुंटीला पीळ.
खांबाला कान लावणारा माणूस
खात्याबाहेर मी पहिल्यांदाच पाहिला.

मग शाणूचे घुमट. दमट हवेने चामडे सैल पडते
तेव्हा तो भर गाण्यात उठतो, निखाऱ्यावर घुमट शेकतो,
तेवढा वेळ आम्ही मांड्यांवर ताल धरायचा.
सुलक्षा माजिक, दातांची डॉक्टर, चुकते.
नेहमी त्याच जागी.
आता शाणूही तिथे चुकतो.

दुल्सिन डोळे मिटून विचारते,
उदका, तुजें घर खंय?
एवढेच. चौदा मिनिटे एवढेच.
पायाखालच्या पेडलमधून तो प्रश्न परत येतो, लांबून,
मानशीचे दार उघडल्यावर खाजनात शिरणाऱ्या भरतीसारखा.
आधी वास, मग आवाज,
मग घोट्याला गार.

पन्नास सीडी काढल्या होत्या.
कव्हरे शाणूच्या बहिणीने छापली,
भेंडी आडवी कापून, शाईत बुडवून.
चौतीस अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत.
सहा मी घेतल्या. एक ज्युनियर इंजिनियरला दिली.
त्याने ती मिरचीच्या मळ्यात टांगली.
"बरी चकाकते रे, पाखरे येत नाहीत."
आठ दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही.
सुलक्षा म्हणाली, येत नाहीत कशावरून?
कुंपणावर बसून ऐकत असतील.

एकदा पणजीचे बोलावणे आले.
जागा दिली चोरीस-पावाच्या गाड्यामागे.
जनरेटरचा सूर सारखा हलत होता,
कायतान कान लावून लावून थकला.
एका बाईने विचारले, तपासणी संपून कार्यक्रम कधी सुरू होणार?
आम्ही अकरा पुढे उभे राहून इतक्या जोराने टाळ्या वाजवल्या
की आमचीच आम्हाला लाज वाटली.
परतीच्या बसमध्ये भांडण.
आग्नेल म्हणे, जगाने ऐकायला हवे.
मलाही हवे होते, जगाने ऐकावे,
फक्त नार्व्याच्या धक्क्यावर कुणी येऊ नये.

तर त्या रात्री, दहाव्या मिनिटाला, लाइट गेली.
फ्यूज उडाल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो.
अँप गप्प, पेडल गप्प, ट्रान्सफॉर्मर गप्प.
नदी एकदम जवळ आली.
दहा जणांनी माझ्याकडे पाहिले.
पकड माझ्या खिशातच होती.

मी उठलो नाही.
कारण अंधारात कुणीतरी ओठ मिटून तो सूर धरला होता.
कायतानचा नव्हे, खांबाचा.
झोपेतून उठलेले पोदेराचे धाकटे पोर
(म्हणजे आम्ही बारा)
आणि मग आग्नेल, मग सुलक्षा, अचूक,
मग मी, ज्याला संगीतातले काही कळत नाही.
दुल्सिनने तो सूर पायाखाली घेतला
आणि पुढे विचारत गेली.
माइक नव्हता, तरी पैलतीरी कुत्रे भुंकायचे थांबले.

नोंदवहीत लिहिले:
बिघाड, रात्री नऊ चाळीस. दुरुस्ती, दहा पंचवीस.
विलंबाचे कारण, या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो,
मग लिहिले, पाणी.
खात्याने अजून खुलासा मागितलेला नाही.