हार्बेक ते स्केलमूर, एकेरी मार्ग

आधी कारण हवं.
लोहमार्ग उगाच कुणी टाकत नाही,
पडद्यावरच्या डोंगरातसुद्धा.
म्हणून मी स्केलमूरच्या माथ्यावर शिशाची खाण काढली,
अठराशे बासष्टमध्ये,
परवा रात्री, चहा निवेपर्यंत.

मग एक आडमुठा जमीनदार : सर ऑगस्टस फेनविक.
त्याला आपल्या तितरांच्या रानात धूर नको होता.
त्याच्यापायी रूळ नदी ओलांडतात, वळसा घेतात,
पुन्हा तीच नदी ओलांडतात.
दोन पूल जास्तीचे, भागधारक धुळीला,
आणि लो ब्राइडनचं स्टेशन
लो ब्राइडनपासून दीड मैल लांब.
खरं वाटायला
एवढा मूर्खपणा घालावाच लागतो.

दिवसा मी अठ्ठावीस नंबरची बस चालवतो.
याच खोऱ्यातून.
इथे रेल्वे कधी आलीच नाही.
चर्चच्या चढावर बस दुसऱ्या गिअरमध्ये कण्हते
तेव्हा मनात टिपून ठेवतो :
चाळीसास एक, इंजिन मागूनही लावावं लागेल.
मागे बसलेल्यांना वाटतं
ड्रायव्हर रस्ता बघतोय.

मंगळवारी आयव्ही टेलफोर्ड असतात,
पायाच्या डॉक्टरकडे जायला.
बहुतेकदा त्या एकट्याच.
एकदा बोलता बोलता सांगून बसलो,
तर रविवारी दारात उभ्या.
कोट न काढता पडद्यासमोर बसल्या.
"सिग्नलची केबिन उलट्या बाजूला घातलीस.
दुपारचं ऊन थेट डोळ्यांत जाईल माणसाच्या.
माझे वडील बत्तीस वर्षं फाटकावर होते.
तो मार्ग खरा होता," त्या म्हणाल्या,
मीठ पुढे सरकवावं तितक्या सहज.

मग चष्मा पुसून :
"आणि कोंबड्या कुठायत?"

कोंबड्या नव्हत्या.
कार्यक्रमात फक्त मेंढ्या मिळतात.
ती रात्र मी एक मेंढी घेतली,
दहा पट लहान केली,
फाटकवाल्याच्या घरामागे अशा सहा सोडल्या.
ताशी वीस मैलांनी जाताना
कुणाच्या बापाला कळणार नाही
की त्या लोकर घालतात.

पुढच्या रविवारी गाडी त्यांनीच चालवली.
ताशी पंधरा.
कोंबड्यांपाशी शिट्टी दिली, दोनदा.
लो ब्राइडनला थांबल्या, दारं उघडली.
घड्याळ चाललंय, वाफ चाललीय,
फलाटावर बाक, बाकावर कुणी नाही.
"माणसं पुढच्या महिन्यात करणार आहे," मी म्हणालो.
"राहू दे," त्या म्हणाल्या,
"मंगळवार असेल."

मार्ग बंद कधी करायचा, ते ठरवणं तेवढं राहिलं होतं.
असला प्रत्येक मार्ग कधीतरी बंद होतो,
तेही आखून ठेवावं लागतं :
शेवटची गाडी, बँड,
आठवण म्हणून कुणीतरी उचकटलेली पाटी.
मी ते पुढे ढकलत होतो.

ऑक्टोबरात काउन्सिलचा कागद थांब्यावर चिकटला.
अठ्ठावीस नंबर. एकतीस तारखेपासून.
ना बँड, ना काही.
शेवटच्या फेरीला पाऊस होता
आणि एक मुलगा, तोही चुकून चढलेला.

त्या रात्री मी केबिन उचलून
नदीच्या पलीकडे ठेवली, सूर्याकडे पाठ करून.
मग स्केलमूरच्या आवारात
कोळशाच्या ढिगाशेजारी
माझी बस उभी केली.
वर्ष जुळत नाही, ठाऊक आहे.
वेळापत्रकात एकोणीसशे अठ्ठावन्न चालू आहे
आणि बसला व्हीलचेअरचा उतार आहे.

गाडी पाच वीसला येते.
फलाट ते बस
चांगल्या पायाने दोन मिनिटं.
मी बारा ठेवली आहेत.